पोळीवर काय लावायचं: पीनट बटर, चॉकलेट स्प्रेड, जॅम की मध?

दुकानात दोन बरण्या हातात धरून कोणती चांगली हे ठरवताना बहुतेक जण कॅलरींचा आकडा बघतात, आणि तिथेच हिशोब चुकतो. १०० ग्रॅम न्यूटेलामध्ये, म्हणजे हेझलनट घातलेल्या प्रसिद्ध चॉकलेट स्प्रेडमध्ये, सुमारे ५४० किलोकॅलरी असतात. नुसते शेंगदाणे भाजून वाटलेल्या पीनट बटरमध्ये ५९० ते ६२०. जॅममध्ये साधारण २५० ते २८० आणि मधात ३००. एवढ्यावरच निकाल द्यायचा तर जॅम पहिला आणि शेंगदाणा शेवटचा. रोजच्या खाण्यासाठी मात्र क्रम जवळजवळ उलटा लागतो, कारण त्या कॅलरी कशातून येतात आणि त्यांच्याबरोबर पोटात आणखी काय जातं, यावर सगळं ठरतं. जॅमच्या आणि मधाच्या कॅलरी जवळपास सगळ्या साखरेच्या. न्यूटेलाच्या सुमारे ४२ टक्के साखरेच्या आणि ५२ टक्के फॅटच्या. शेंगदाण्यातही तेलाचा वाटा मोठा आहेच, पण ते तेल बहुतांश अनसॅच्युरेटेड, म्हणजे हृदयाला सोयीचं, असतं आणि त्याच्यासोबत १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, ८ ग्रॅम फायबर, मॅग्नेशियम, नायसिन आणि ई जीवनसत्त्व येतं.

म्हणून कॅलरी सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी घटकांची यादी, मग साखर, मग सॅच्युरेटेड फॅट (जे कमी असलेलं बरं), मग प्रथिनं. आणि हे सगळं झाल्यावर आपला चमचा किती ग्रॅमचा आहे ते.

बरणी फिरवून मागची बाजू वाचा

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वात जास्त, ते पहिलं. त्यामुळे पहिल्या तीन नावांतच बरणीतला बहुतेक माल कळतो. न्यूटेलाची यादी सुरू होते ती साखरेने, मग पाम तेल, आणि तिसऱ्या क्रमांकावर हेझलनट. युरोपातल्या लेबलवर हेझलनटचं प्रमाण १३ टक्के, साय काढलेल्या दुधाची पावडर ८.७ टक्के आणि कोको ७.४ टक्के असं दिलेलं असतं. १३ टक्के म्हणजे १५ ग्रॅमच्या चमच्यात २ ग्रॅम हेझलनट, जेमतेम दीड-दोन दाणे. याच चमच्यात साखर असते ८.४ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे.

या पदार्थाचं मूळ मात्र नटांचंच आहे. इटलीतल्या पीडमाँट भागात नेपोलियनच्या काळात कोको महाग आणि दुर्मीळ झाला, तेव्हा तिथे भरपूर पिकणारे हेझलनट वाटून चॉकलेटमध्ये घालायची पद्धत पडली. त्या मिश्रणाला जांदुया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्बा गावच्या फेरेरो कंपनीने तीच वाट धरली आणि १९६४ मध्ये न्यूटेला बाजारात आणलं. आज त्या बरणीचं अर्ध्याहून जास्त वजन साखरेचं आहे. ती मिठाई म्हणून खाल्ली तर काहीच हरकत नाही. अडचण येते ती हेझलनटचं चित्र बघून तिला सुकामेव्याच्या रांगेत बसवलं की. भारतात ‘हेझलनट’ किंवा ‘आल्मंड’ असं मोठ्या अक्षरात लिहून विकल्या जाणाऱ्या इतर चॉकलेट स्प्रेडनाही हीच परीक्षा लावा. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवलं आहे, त्याची टक्केवारी लेबलवर द्यावी लागते. ती शोधा.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दिलेली असते. दोन्ही बघावेत. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ४ ते ५ ग्रॅम साखर निसर्गतःच असते, दूध पावडर असेल तर दुधातली साखरही एकूण साखरेत मोजली जाते. खरा प्रश्न वरून घातलेल्या साखरेचा. तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यातच करायची. ‘पर सर्व्ह’चा रकाना फसवा असतो, कारण एक कंपनी १५ ग्रॅमचा वाटा धरते, दुसरी ३२ ग्रॅमचा, आणि घरात प्रत्यक्षात किती लावलं जातं ते तिसरंच.

लेबल वाचताना उपयोगी पडणारा ठोकताळा असा: वरून घातलेली साखर १०० ग्रॅमला शून्य ते ५ ग्रॅम असेल तर रोज खायला चालेल, १५ पर्यंत असेल तर अधूनमधून, आणि २५ च्या वर गेली की ती बरणी मिठाईच्या डब्याशेजारी ठेवायची. सॅच्युरेटेड फॅट नुसत्या शेंगदाण्याच्या बरणीत ७ ते १० ग्रॅम असतं, बदामाच्या ४ च्या आसपास. न्यूटेलामध्येही ते साडेदहाच आहे, पण तिथे एकूण फॅट फक्त ३१ ग्रॅम आहे. म्हणजे शेंगदाण्यात फॅटचा पाचवा-सहावा हिस्सा सॅच्युरेटेड, तर न्यूटेलात तिसरा. हा फरक पाम तेलाचा.

साखरेची टोपणनावं

यादीत ‘साखर’ हा शब्द नसला तरी साखर असू शकते. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, मध, गूळ, ब्राउन शुगर, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट ही सगळी त्याच घरातली. माल्टोडेक्स्ट्रिन कायद्याच्या भाषेत साखर ठरत नाही, पण रक्तातली साखर मात्र ते भराभर वाढवतं. काही कंपन्या दोन-तीन प्रकारची साखर थोडी थोडी घालतात. त्यामुळे प्रत्येकीचं वजन कमी भरतं आणि पहिल्या क्रमांकावर नट किंवा फळ येऊन बसतं. सगळ्या साखरांची नावं एकत्र धरा आणि खात्रीसाठी तक्त्यातला वरून घातलेल्या साखरेचा आकडा बघा. तो मात्र बेरीज करूनच छापलेला असतो.

‘नो ॲडेड शुगर’च्या बरणीत साखरेऐवजी माल्टिटॉलसारखं गोड द्रव्य (याला शुगर अल्कोहोल म्हणतात, पण त्यात दारू नसते) असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट फुगतं, कधी जुलाबही होतात. खजूर घातलेला स्प्रेड असेल तर साखर घातलेली नसली तरी एकूण साखर भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी एकूण साखरेचाच आकडा धरावा.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शिक्क्यावर एक पैसाही जास्त देऊ नका. शेंगदाणा, बदाम, काजू यांत कोलेस्टेरॉल नसतंच. ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं.

पीनट बटरच्या बरण्यांमधला फरक

घटकांत फक्त ‘भाजलेले शेंगदाणे’ किंवा सोबत मीठ असेल तर ती बरणी सर्वात चांगली. अशा बरणीत वर तेल तरंगतं. बरेच जण ते खराब झालं समजून परत करतात किंवा तेल ओतून टाकतात. ओतून टाकलं की तळाशी राहतो तो कोरडा, घट्ट गोळा, आणि शेवटी शेवटी चमचाही रुतत नाही. घरी आणल्यावर बरणी घट्ट झाकण लावून एक दिवस उलटी ठेवा, मग लांब सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने तळापासून वर असं सावकाश ढवळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत तेल पुन्हा सुटत नाही.

‘क्रीमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बरण्यांमध्ये साखर, मीठ आणि स्टॅबिलायझर असतो: हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा आयएनएस ४७१ नावाचं इमल्सिफायर. त्यानेच तेल वेगळं होत नाही. याला फार घाबरायचं कारण नाही, प्रमाण एक-दोन टक्केच असतं. शिवाय भारतात २०२२ पासून खाद्यपदार्थांतल्या तेला-तुपात औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. खरा फरक पाडते ती साखर. त्यातही चॉकलेट चवीचं पीनट बटर नीट तपासून घ्या. काहींत साखर इतकी असते की शेंगदाण्याचा फायदा अर्धाच उरतो.

प्रोटीनबद्दल एक गैरसमज व्यायामशाळांतून घराघरांत पोचला आहे. दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम पीनट बटरमध्ये ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण त्यासाठी १९० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं ७० ते ७५ किलोकॅलरींत मिळतात. वजन वाढवायचं असेल तर पीनट बटर उत्तम. वजन घटवताना प्रथिनांचा मुख्य आधार म्हणून ते महागात पडतं. शिवाय गव्हात आणि शेंगदाण्यात, दोन्हींत लायसिन हेच अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, म्हणून पोळी आणि पीनट बटर एकमेकांची उणीव भरून काढत नाहीत. जेवणात वरण, उसळ किंवा दही हवंच.

बदाम, काजू, तीळ, खोबरं

बदामात १०० ग्रॅमला २१ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम फायबर आणि २५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व. फॅटच्या प्रकारातही तो शेंगदाण्यापेक्षा थोडा सरस. पण किंमत कितीतरी पट, आणि प्रथिनं शेंगदाण्याहून कमी. रोजच्या घरखर्चात तेच पैसे फळांवर गेलेले बरे. काजूचं बटर गोडसर आणि मऊ लागतं, मात्र त्यात फायबर फक्त ३ ग्रॅम. अक्रोडाचं बटर ओमेगा ३ साठी चांगलं, पण ते फार लवकर खवट होतं, म्हणून थोडंच आणा आणि फ्रीजमध्येच ठेवा. सुक्या खोबऱ्याचं वाटण गोड न करता खाल्लं तरी त्यातलं बहुतेक फॅट सॅच्युरेटेड असतं, ते चवीपुरतं.

तिळाकडे मात्र दुर्लक्ष नको. सालासकट तिळात १०० ग्रॅमला जवळपास ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते सगळं अंगी लागत नाही, कारण सालातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंचसं अडवतं. तरीही दूध न पिणाऱ्यांसाठी तीळ मोलाचा. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम फारच कमी उरतं, म्हणून बटरसाठी करडे, सालाचे तीळ घ्या.

जॅम, मुरांबा, मध, गूळ-तूप

भारतात जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं (स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला कमी चालतं) आणि विरघळलेला घनभाग किमान ६५ टक्के. तो घनभाग म्हणजे बहुतांश साखर. एका मोठ्या चमचाभर, म्हणजे २० ग्रॅम जॅममध्ये १२-१३ ग्रॅम साखर जाते. फळाचं सी जीवनसत्त्व आटवताना बरंचसं उडून जातं, फायबर नावापुरतं राहतं. घरचा साखरांबा किंवा गुळांबा रंग आणि प्रिझर्व्हेटिव्हशिवायचा असतो हे खरं, पण साखरेच्या हिशोबात तो जॅमच्याच शेजारी बसतो. घरचा म्हणून दुप्पट लावला तर साखरही दुप्पट.

मधात ८० टक्क्यांवर साखर, उरलेलं बहुतेक पाणी. गुळात साखर ८० ते ८५ टक्के, लोह वगैरे आहे पण चमचाभर गुळातून मिळणारं प्रमाण किरकोळ. रक्तातल्या साखरेला मध, गूळ आणि साखर यांत मोठा फरक दिसत नाही. मुलांना गूळ-तूप-पोळी देताना १५ ग्रॅम गूळ आणि एक चहाचा चमचा तूप धरलं तर साधारण १०० किलोकॅलरी आणि १२-१३ ग्रॅम साखर होते. त्यामुळे चॉकलेट स्प्रेड वाईट आणि गूळपोळी मात्र हवी तितकी, असं म्हणता येणार नाही. गुळाच्या पोळीची खरी जमेची बाजू म्हणजे ती गव्हाची असते आणि ताजी असते.

चमच्याचं वजन करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. १४०० किलोकॅलरी लागणाऱ्या शाळकरी मुलासाठी ही मर्यादा ३५ ग्रॅम होते, आणि कडक धरली तर १७-१८. चॉकलेट स्प्रेडचे दोन भरगच्च चमचे, साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे २१ ग्रॅम साखर. दुधात घातलेली, बिस्किटांतली, सॉसमधली साखर अजून मोजायचीच आहे.

घरात रोज किती जातं हे कळायला सोपा उपाय आहे. बरणी उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा. ३५० ग्रॅमची बरणी दोन मुलांनी सात दिवसांत संपवली तर प्रत्येकी रोज २५ ग्रॅम, म्हणजे १४ ग्रॅम साखर, साडेतीन चमचे. अंदाजापेक्षा हा आकडा नेहमी जास्त निघतो, कारण चमच्यावरचा डोंगर कोणी मोजत नाही. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर एकदा तुमच्या नेहमीच्या चमच्यातून सपाट आणि शीगभरून असं दोन्ही मोजून ठेवा. बदाम-शेंगदाण्याच्या बटरलाही हे लागू आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५ ते ३० ग्रॅम पुरे.

कशावर लावता तेही बघा. मैद्याच्या ब्रेडवर कितीही चांगलं बटर लावलं तरी खालचा मैदा तसाच राहतो. पोळी, ज्वारीची गरम भाकरी, गोव्याची कोंड्याची पोई, कापलेलं सफरचंद किंवा केळं यांच्याबरोबर फायबर वाढतं आणि कमी बटरात चव पुरते.

घरी शेंगदाण्याचं बटर

अर्धा किलो शेंगदाणे घ्या. आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळे डाग पडलेले, हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे काढून टाका. हे काम वरवरचं नाही. शेंगदाण्यावर ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि कढईतल्या भाजण्याने पूर्ण जात नाही. पावसाळ्यात सुटे शेंगदाणे घेताना जास्त जपा. एक दाणा चावून बघा. कडू किंवा खवट लागला तर ती पिशवीच घेऊ नका.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं सतत हलवत भाजा. ओव्हन असेल तर १६० अंशांवर एका थरात १८ ते २० मिनिटं, मध्ये एकदा हलवून. साल बोटाने चोळल्यावर सुटलं पाहिजे आणि दाणा दोन फाकांत उघडल्यावर आतला भाग हलका बदामी दिसला पाहिजे. आत पांढरा राहिला तर बटरला कच्चट वास येतो आणि तेलही नीट सुटत नाही. मोठ्या आचेवर घाई केली तर साल काळी पडते आणि आतून दाणा कच्चाच राहतो. भाजून झाल्याबरोबर ताटात काढा, गरम कढईत ठेवलेले दाणे पुढे भाजत राहतात आणि कडू होतात.

कोमट झाल्यावर कापडात चोळून साल पाखडा. साल ठेवली तरी चालते, फायबर वाढतं, पण चव थोडी तुरट होते. दाणे पूर्ण गार होऊ देऊ नका. कोमट दाण्यांचं तेल लवकर सुटतं.

मिक्सरचं भांडं ठणठणीत कोरडं हवं. निम्म्याहून जास्त भरू नका आणि तळातलं पातं झाकलं जाईल इतकं तरी घ्या. फार थोडे दाणे घेतले तर ते भिंतीला चिकटून बसतात. ३०-४० सेकंद फिरवा, थांबा, कडेचं खरवडून खाली ढकला, मोटर मिनिट-दोन मिनिटं गार होऊ द्या. आधी कूट होतं. मग ओलसर कूट. मग सगळं मिळून एक घट्ट गोळा पात्याभोवती फिरू लागतो आणि इथेच बरेच जण हात टेकतात. इथे थांबायचं नाही. सोलापुरी शेंगदाणा चटणी उखळात कुटताना तेल सुटून ती जशी चकचकीत होते, तसं इथेही फिरवत राहिल्यावर होतं. आणखी तीन-चार वेळा खरवडून फिरवलं की गोळा सैल पडतो, चमक येते आणि मिश्रण चमच्यावरून सावकाश ओघळू लागतं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात, त्यातली निम्मी विश्रांतीची.

गोळा सैल होतच नसेल तर कारण बहुधा कमी भाजलेले किंवा जुने, वाळलेले दाणे. अशा वेळी एक-दोन चहाचे चमचे शेंगदाण्याचं तेल घाला. पाणी एक थेंबही नको. पाणी, दूध, मध किंवा काकवी घातली की गुळगुळीत झालेलं मिश्रण क्षणात आखडतं आणि रवाळ होतं, कारण प्रथिनं आणि स्टार्च ते पाणी शोषून एकमेकांना धरतात. पाणी घातलेलं बटर बुरशीही लवकर धरतं. मध हवाच असेल तर पोळीवर बटर लावल्यावर वरून घाला.

मीठ अर्धा चहाचा चमचा, तेही बारीक करून. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे जाड खडे दातांखाली येतात. सालं आणि ओलावा जाऊन अर्धा किलो दाण्यांचं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बटर होतं. काचेच्या कोरड्या बरणीत बाहेर दोन-तीन आठवडे, फ्रीजमध्ये दोन-तीन महिने टिकतं. खवट वास आला की टाकून द्या, पुन्हा भाजून तो जात नाही.

तिळाचं बटर नुसतं करायला गेलं तर घरगुती मिक्सरमध्ये तीळ पात्याला लागतच नाहीत. तीन भाग शेंगदाण्यांना एक भाग तीळ घ्या. तीळ वेगळे, तडतडू लागेपर्यंतच भाजा आणि कूट झाल्यावर मिसळा. बदामाला जास्त वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं. रात्री भिजवून सोललेले बदाम थेट वाटले तर बटर होत नाही, पेस्ट होते आणि दोन दिवसांत आंबते. भिजवलेलेच वापरायचे तर आधी ओव्हनमध्ये कमी आचेवर पूर्ण कडकडीत वाळवा.

चॉकलेट हवंच असेल तर

वर सांगितल्याप्रमाणे २०० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचं बटर करा. त्यात २० ग्रॅम गोड नसलेली कोको पावडर, ४० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि २ चहाचे चमचे शेंगदाण्याचं तेल घाला. कोकोने मिश्रण घट्ट होतं, तेल त्यासाठी. कोको आणि साखर चाळून घाला आणि शेवटी ३० सेकंदच फिरवा. ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी घालू नका, त्यात बहुतेक साखरच असते. दाणेदार साखर घातली तर ती करकरते. गूळही पिठीसाखरेच्या जागी चालत नाही, त्यातल्या ओलाव्याने मिश्रण आखडतं.

२७० ग्रॅम होणाऱ्या या बरणीत घातलेली साखर १०० ग्रॅमला १५ ग्रॅमच्या खाली आणि एकूण साखर सुमारे १८. बाजारच्या स्प्रेडमध्ये ५६. प्रथिनं इथे २० ग्रॅम, तिथे ६.

कोणी जपून खायचं

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, मध घातलेला स्प्रेडही नाही. मधात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. पीनट बटरचा गोळा चमच्याने लहान मुलाच्या तोंडात देऊ नका, तो घशात चिकटतो. सहा महिन्यांनंतर द्यायचं असेल तर कोमट पाण्यात किंवा खिमटात पातळ करून, चिमूटभर देऊन सुरुवात करा. बाळाला तीव्र एक्झिमा (खाज आणि पुरळ येणारा त्वचेचा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी, उलटी किंवा दम लागणं दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी बदामाच्या बरणीवरही ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ ही ओळ शोधावी, कारण एकाच यंत्रावर दोन्ही वाटले जातात.

रक्तदाब असेल तर बिनमिठाचं घ्या, सोडियमचा आकडा लेबलवर असतो. ऑक्झॅलेटचे मुतखडे होत असतील तर बदाम आणि सालाचे तीळ कमी करा. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम-फॉस्फरसवर बंधन असतं, तिथे किती चालेल ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. मधुमेहात साखर नसलेलं शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर १५ ग्रॅमपर्यंत सोयीचं ठरतं. पोळीसोबत घेतलं तर पोळीची साखरही जरा सावकाश चढते.

गोड स्प्रेडची सवय लागलेल्या मुलांना एका दिवसात बिनसाखरेच्या बटरवर आणू नका, ती बरणी फडताळात तशीच पडून राहते. वाटीत निम्मं चॉकलेट स्प्रेड आणि निम्मं साधं पीनट बटर ढवळा. १०० ग्रॅमला साखर लगेच ३० वर येते आणि चव फारशी हरवत नाही. दोन आठवड्यांनी एकास दोन करा, मग घरच्या चॉकलेट बटरवर या. मिश्रण दर वेळी दोन-तीन दिवसांपुरतंच करा, म्हणजे पुढचं प्रमाण बदलणं तुमच्या हातात राहतं.